लपवलेली पगारवाढ

मागच्या एप्रिलमध्ये माझा पगार जवळजवळ दीडपट झाला आणि ही गोष्ट मी नवऱ्यापासून आठ महिने लपवून ठेवली. चोरी केली नव्हती, कुणाचं काही बुडवलं नव्हतं. तरी त्या आठ महिन्यांत मी स्वतःच्या घरात जशी जपून वावरले, तशी पंधरा वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबासमोरही वावरले नव्हते.

बातमी दुपारी कळली. साहेबांनी छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावून पत्र हातात दिलं, नवं पद सांगितलं, आकडा सांगितला. बाहेर येऊन मी खिडकीपाशी उभी राहिले आणि सवयीने नवऱ्याचा नंबर काढला. लावला मात्र नाही. फोन पर्समध्ये टाकला आणि जागेवर जाऊन बसले. संध्याकाळी सांगू, नीट वेळ बघून सांगू, एवढंच तेव्हा मनात होतं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या घरात त्याचा पगार मोठा होता. तो बेळगावचा, मी नागपूरची. ओळख इथे बंगळुरात, पहिल्या नोकरीत झाली. अकरा वर्षं तो एकाच कंपनीत होता. मग त्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला. चार महिने तो घरी होता. त्यानंतर पीण्या भागात कारखान्यांच्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी एक लहान कंपनी आहे, तिथे लागला. पगार आधीच्या दोनतृतीयांश. पण राजाजीनगरच्या आमच्या भाड्याच्या घरापासून ऑफिस जवळ, त्यामुळे सहाला तो दारात हजर असे. मुलीचा अभ्यास, संध्याकाळचा कुकर, गॅलरीतली झाडं, सगळं त्याच्याकडे गेलं.

तिथे लागून तीन महिने झाले असतील, तेव्हा माझी नेहमीची वार्षिक वाढ झाली. फार नव्हती, पण तेवढ्याने माझा पगार पहिल्यांदा त्याच्या पुढे गेला. मी जेवताना सांगितलं. तो "छान" म्हणाला, ताट उचललं, आणि सकाळी येणाऱ्या बाईंसाठी ठेवलेली सगळी भांडी घासत उभा राहिला. पुढचे दोन दिवस "होय", "नको", "ठेव तिथे" एवढंच बोलला. तिसऱ्या दिवशी पूर्ववत झाला. त्याने काही वाईट केलं नव्हतं. पण मी आठवीपासून ज्या गोष्टीला भीत आले, ती त्या दोन दिवसांत मला माझ्याच स्वयंपाकघरात दिसली.

मी आठवीत असताना वडिलांची कंपनी बंद पडली. आई एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागली आणि घर तिच्यावर चालू लागलं. वडील तसे शांत. ओरडले नाहीत, प्यायले नाहीत. फक्त आईच्या पगाराच्या दिवशी ते घरी जेवत नसत. संध्याकाळी चपला घालून बाहेर पडायचे आणि आई, बहीण आणि मी जेवून उठलो की परत यायचे. आई ताट झाकून ठेवायची, सकाळी ते तसंच असायचं. मी बारावी होऊन बाहेर पडेपर्यंत हे चाललं. त्या दिवशी बहिणीला आणि मला भूक असली तरी घास उतरत नसे. बाईचा पगार पुढे गेला की पुरुष ताटावरून उठतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ते पाहिलं होतं.

म्हणून एप्रिलमध्ये मी गप्प बसले.

लपवणं सोपं होतं, हेच वाईट. आमच्या दोघांच्या पगाराची खाती वेगळी. एक तारखेला दोघंही घरखर्चाच्या सामाईक खात्यात ठरलेली रक्कम टाकायचो. मी तेवढीच टाकत राहिले. उरलेलं माझ्या खात्यात साचत गेलं. पगार जमा झाल्याचा मेसेज येतो त्या दिवशी मी फोन पालथा ठेवू लागले. नव्या पदामुळे फोनही वाढले होते. फोन वाजला की उठून गॅलरीत जायचे, दार लोटून घ्यायचे. तो विचारायचा, "कुणाचा?"

"ऑफिसचा."

ते खरंच असायचं. पण खरं सांगतानाही माझा आवाज खोटं बोलणाऱ्या माणसासारखा यायचा, मलाच ऐकू यायचं ते.

काम खूप वाढलं. घरी यायला साडेआठ होऊ लागले. एकदा त्याने सार वाढता वाढता विचारलं, "एवढं राबवून घेतात तुला, पगार काही वाढवला का?"

तेव्हा सांगता आलं असतं. वाट मोकळी करून दिली होती त्याने.

"या वर्षी सगळ्यांचंच थांबलंय," मी म्हणाले.

"मग सोडून दे की. असल्या ठिकाणी कशाला राहायचं? तुझ्यासारखीला कुणीही घेईल." तो माझ्या बाजूने चिडला होता. मी भातात सार कालवत राहिले. त्याआधी मी फक्त सांगितलं नव्हतं, त्या दिवसापासून मी खोटं बोललेली बाई झाले.

त्या साचत गेलेल्या पैशाचं मला काही सुख लागलं नाही. पूर्वी महिनाअखेरीला आम्ही दोघं मिळून काटकसर करायचो, त्यात एक गंमत असायची. कुणी आधी स्विगी उघडलं त्याची चेष्टा व्हायची. आता मी त्या काटकसरीचं नाटक करत होते. मुलीचे बूट फाटले, तेव्हा "पुढच्या महिन्यात घेऊ" असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. हातात पैसे असून मान डोलावली.

ऑगस्टमध्ये सासूबाईंची साठी होती. साडी घ्यायला आम्ही तिघं चिकपेटला गेलो. रविवार, पाय ठेवायला जागा नाही. तिसऱ्या दुकानात मला एक इरकल फार आवडली, चिंतामणी रंगाची, टोपपदराची. सासूबाई आयुष्यभर इरकलच नेसल्या, पण इतकी चांगली त्यांनी कधी घेतली नसती. नवऱ्याने किंमत विचारायच्या आधी त्याला फोन आला आणि तो दुकानाबाहेर गेला. मी विचारलं. चौदा हजार. आमचं ठरलं होतं सहा-सातपर्यंत.

मी पटकन पैसे भरले आणि दुकानदाराला हिंदीत म्हणाले, "त्यांनी विचारलं तर सहा सांगा."

दुकानदार वयस्कर होता. त्याने माझ्याकडे एकदा, मग पेटीत बांधलेल्या साडीकडे पाहिलं. "सरी अम्मा," म्हणजे बरं, एवढंच म्हणाला. नवरा आत आला, त्याच्याशी कन्नडमध्ये बोलू लागला, आणि सहा हजार ऐकून खूश झाला. "बघितलंस? मेट्रोने आलो, इथे आलो, म्हणून मिळाली," असं बाहेर पडताना मला म्हणत होता.

मुलगी माझं बोट धरून चालत होती. नऊ वर्षांची आहे, वाचता येतं ते सगळं वाचते. मेट्रोच्या जिन्यात, तो चार पायऱ्या पुढे असताना, तिने विचारलं, "आई, बिलावर चौदा लिहिलं होतं. अप्पा सहा का म्हणतायत?"

"हळू बोल."

"पण..."

"अप्पांना नको सांगू. त्यांना वाईट वाटेल."

तिने मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, त्याची लाज आजही वाटते.

दीड महिन्याने तिच्या गादीखाली गणिताचा पेपर सापडला. वीसपैकी सात. सापडला तो नवऱ्याला, चादर बदलताना. त्याने तिला समोर बसवलं. तो रागावत नाही, पण त्या दिवशी चेहरा उतरला होता. "सात मिळाले त्याचं काही नाही गं. लपवलास कशाला?"

ती माझ्याकडे बघत होती. त्याच्याकडे नाही. मग म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ती खोलीतून गेल्यावर तो मला म्हणाला, "हे कुठून शिकली ही?"

मी चादरीचं टोक गादीखाली खोचत राहिले. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. सहा महिने झाले होते, आणि आता पगार सांगायचा तर सहा महिन्यांचं खोटंही सांगावं लागणार होतं. दर महिन्याला सांगायची गोष्ट मोठी होत चालली होती.

दिवाळीनंतर त्याने घराचा विषय काढला. येलहंक्याला एक इमारत पुरी होत आली होती, तिथे दोन खोल्या आणि हॉलचा फ्लॅट होता. त्याचे एक सहकारी त्याच भागात राहतात. आम्ही बघून आलो. खिडकीतून दूर रेल्वेचे रूळ दिसत होते. मुलीने लगेच स्वतःची खोली निवडली.

"दोघांचा पगार दाखवला तर कर्ज बसतंय," तो म्हणाला. "ओढाताण होईल स्वल्प. पण बसतंय."

मी टाळाटाळ सुरू केली. लांब पडेल, पाण्याचं काय, शाळा बदलावी लागेल. एकेका कारणाला तो उत्तर शोधून आणायचा आणि मी नवं कारण काढायचे. शेवटी एका सकाळी डबा भरताना त्याने विचारलं, "तुला घर नको आहे की माझ्याबरोबर घर नको आहे?"

मला वाटलं चेष्टा करतोय. वळून पाहिलं तर तो माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण लावत होता, पुन्हा काढत होता, पुन्हा लावत होता.

"काहीतरी काय बोलतोस," मी म्हणाले. "घेऊ की. माझी कागदपत्रं देते."

आणि मग मी जे केलं ते सांगायला अवघड आहे. मी आदल्या वर्षीच्या पगाराच्या स्लिपा काढल्या, तीन महिन्यांच्या, आणि त्या त्याच्या फाइलमध्ये ठेवल्या. महिना-साल बारीक अक्षरात वरच्या कोपऱ्यात असतं, तो बघणार नाही, असा हिशेब. बँक बघेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. बहुतेक मला तेच हवं होतं. माझ्या तोंडून निघत नव्हतं ते दुसऱ्या कुणीतरी सांगून टाकावं.

डिसेंबरातला शनिवार होता. सकाळी साडेदहाला आम्ही बँकेत एका तरुण अधिकारी बाईंसमोर बसलो. त्यांच्याकडे माझ्या खात्याचा उतारा आधीच आला होता, कारण माझं पगाराचं खातं त्याच बँकेत. त्या कधी फाइल बघत, कधी स्क्रीन. भुवया जवळ आल्या. मग नवऱ्याकडे वळून त्या कन्नडमध्ये बोलू लागल्या. माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. मला दोनच शब्द कळले, संबळ आणि जास्ती. मराठीत संबळ म्हणजे गोंधळात वाजतो तो. कन्नडमध्ये संबळ म्हणजे पगार.

त्या हसत माझ्याकडे वळल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही चुकून जुन्या स्लिपा दिल्यात. तुमचा पगार एप्रिलपासून बराच वाढलाय. चांगलंच आहे, कर्ज जास्त मिळेल." त्यांनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली.

नवरा पुढे झुकून बघत होता. एप्रिल, मे, जून. त्याचं बोट स्क्रीनला न लागता एकेका ओळीवरून खाली येत होतं. मी त्याच्या कानामागच्या शिरेकडे बघत होते. ती उडत होती.

"हो," तो बाईंना म्हणाला. "जुन्या दिल्या चुकून. नव्या आणून देतो." फाइल उचलली, त्यांना नमस्कार केला.

स्कूटरवर मागे बसले, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा धीर झाला नाही. मागची दांडी धरून बसले. दोन सिग्नल गेले. घराकडे वळायचं तिथे तो वळला नाही, पुढे जाऊन एका दर्शिनीसमोर थांबला. उभं राहून खातात तसलं छोटं हॉटेल. दोन कॉफी घेऊन आला आणि उंच टेबलावर ठेवल्या.

"आठ महिने," तो म्हणाला.

"हो."

"आणखी काय आहे?"

"आणखी म्हणजे?"

"म्हणजे आणखी काय लपवलंयस. एकदाच सांग."

मी साडीची किंमत सांगितली. मुलीला काय सांगितलं ते सांगितलं. सार वाढतानाचं खोटं त्याला आठवत होतं. मी बोलत असताना त्याने कॉफीला हात लावला नाही.

"बस, एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच."

त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले आणि मान खाली घातली. मला वाटलं आता तो निघून जाईल, जसे वडील जायचे. पण वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"मला वाटत होतं तू सोडून चाललीयस," तो म्हणाला. "फोन आला की बाहेर जातेस, फोन पालथा ठेवतेस. घर म्हटलं की नको. चार महिने मी रोज सकाळी उठून बघायचो, तुझी बॅग जागेवर आहे का. आणि तू पगार लपवत होतीस."

शेजारच्या टेबलावर दोघे इडली खात होते, त्यांनी नजर वळवली.

"तुला वाईट वाटेल म्हणून," मी शेवटी म्हणाले. "मागच्या वेळी तू दोन दिवस बोलला नाहीस."

"वाटलं होतं वाईट. खोटं कशाला बोलू? दोन दिवस वाटलं. मग गेलं." तो थांबला. "माझं दोन दिवसांत गेलं. तू ते धरून बसलीस. मला विचारलं असतंस एकदा तरी. मी या नोकरीत बरा आहे गं. सहाला घरी येतो, पोरीची वेणी घालतो. तू मनाशी ठरवून टाकलंस की हा खचलाय, आता याला सांभाळायचं. आजारी माणसासारखं."

हे खरं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे मी आठ महिन्यांत कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण तो कसा आहे हे बघायला नाही. त्याला कळलंय का, हे बघायला.

त्या दिवशी घरी जाऊन सगळं निवळलं, असं झालं नाही. तो जेवला, पण तीन-चार आठवडे आमच्यात एक सभ्यपणा आला होता, लॉजवर शेजारच्या खोलीतल्या माणसांशी असतो तसा. फोन वाजला की मी मुद्दाम त्याच्यासमोर उचलायचे आणि तो मुद्दाम उठून आत जायचा. एकदा मी फोन त्याच्यापुढे धरून म्हटलं, "बघ हवं तर." तो म्हणाला, "हेच नको आहे मला. तपासणी." मुलीशी मी दुसऱ्याच दिवशी बोलले. बिलावर चौदाच होतं, मी खोटं सांगितलं, माझं चुकलं, म्हणाले. तिने विचारलं, "मग अप्पांना वाईट वाटलं?" मी हो म्हणाले. ती विचार करून म्हणाली, "मग आता?"

त्याच सुमारास मी आईला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, पैशाचं काही नसतं, माणसं महत्त्वाची. मी विचारलं, "आई, बाबा पगाराच्या दिवशी जेवायचे नाहीत, तेव्हा तू कधी विचारलंस का त्यांना?"

"काहून विचारायचं?" ती म्हणाली. "माहीत होतं ना मले." मग जराशाने, "हे पाय, पैसा पुरत नव्हता म्हणून घरात ते सगळं होतं. पुरला असता तर त्यांनी काय केलं असतं, कोणाले माहीत. तुमच्याकडे पुरतो आहे. तू कशाला आमचं घर तिकडे नेऊन ठेवलं?"

आई कधी मला इतकं स्पष्ट बोलली नव्हती.

फेब्रुवारीत आम्ही येलहंक्याचा फ्लॅट घेतला. मोठा घेता आला असता. घेतला तोच, आधी बघितलेला. घरखर्चाच्या खात्यात आता कुणी किती टाकायचं ते आम्ही दोघं बसून ठरवतो. माझा वाटा मोठा आहे. पहिल्यांदा तो आकडा मोठ्याने म्हणताना त्याचा आवाज किंचित अडकला, मला ऐकू आला. त्याने तो लपवायचा प्रयत्न केला नाही. मला वाटतं, तेवढं पुरे.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी, दुपारी दोन वाजता, माझ्या मीटिंगमध्ये त्याचा फोन आला. तो कामाच्या वेळी कधी करत नाही. मी बाहेर जिन्यात आले.

"आमच्याकडे पगार पंधरा दिवस उशिरा होणार म्हणालेत," तो म्हणाला. "आत्ताच कळलं. पुढच्या महिन्याचंही नक्की नाही. संध्याकाळी सांगणार होतो, मग म्हटलं नको, आत्ताच करावा."

घराचा हप्ता, मुलीची नवी शाळा, सगळं माझ्या डोक्यात एकदम येऊन उभं राहिलं. आत मीटिंगमध्ये माझी वाट बघत होते.

"ऐकतेयस ना?" त्याने विचारलं.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. "ऐकतेय," म्हटलं. "नीट सांग, काय काय म्हणाले."